बक्षिसाचं तेल

आमच्या घरात बैलांना रोज सकाळी अंडी मिळतात, तीही दुधात फेटून. वर उडदाचं पीठ, खारीक, बदाम, तूप. लग्न होऊन आले त्या आठवड्यात फडताळात बदामाचा भलामोठा डबा दिसला आणि मला वाटलं, वा, सुनेचं कौतुक दिसतंय! चार बदाम तोंडात टाकले तर सासरे, म्हणजे आमचे आबा, दारातून म्हणाले, "आगं पोरी, त्ये बैलांचं हाय." मी आहे तिथे चावायची थांबले. आबा माणूस वाईट नाही. "आता टाकलंच हाय तर खा," असंही म्हणाले.

सासर घोड नदीच्या काठाला, इनामगावच्या अलीकडे. माहेर माझं वरवंडचं, दौंड तालुक्यातलं, हायवेवरचं. तिथे आम्ही शर्यत बघायचो ती सोलापूरच्या ट्रॅव्हल्सगाड्यांची. इकडे आले तर घरात शर्यतीचा बैलगाडा. आमचे हे कांदा पिकवतात, ऊस लावतात, पण ते पोटासाठी. जीव सगळा बैलांत. शर्यतीवरची बंदी उठल्यापासून तर विचारूच नका. आमच्या लग्नाची तारीख विचारली तर हे आढ्याकडे बघतात, पण कुठल्या घाटात कुणाची बारी किती सेकंदांत झाली ते झोपेतून उठवून विचारा. घाट म्हणजे शर्यतीची धावपट्टी, आणि बारी म्हणजे तिच्यावरची एका गाड्याची धाव. हे मला पहिल्या महिन्यातच शिकवण्यात आलं. चहात साखर किती लागते ते मला अजून कुणी विचारलेलं नाही.

आता माझ्या स्कूटरचं सांगते. मी लग्नाआधी दौंडला राहून लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केला होता. तो लग्नानंतर दहा वर्षं ट्रंकेत साड्यांखाली निवांत पडला. मग शिरूरला एका लॅबमध्ये जागा निघाली, आणि मी घरात विषय काढला. आबांनी पान जुळवत जुळवत अट घातली, "तुझी तू जात असशील तर जा. आमचं मानूस तुझ्या मागं अडकवायचं न्हाई." एवढंच. ओरडाआरडा नाही, भांडण नाही. वरवंडहून वडिलांनी पहिल्या रकमेला हातभार लावला, पुढचे हप्ते मी पगारातून भरले, आणि दारात एक पांढरी स्कूटर उभी राहिली. पासिंग माझ्या नावावर.

त्या स्कूटरशिवाय माझी नोकरी नाही, हे सरळ गणित होतं. लॅब सातला उघडते. शिरूरला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर आठला येते, तीही तिच्या मनात असलं तर. आणि सातला लॅबच्या पायरीवर माणसं उपाशीपोटी बसलेली असतात. शुगरची तपासणी म्हणजे रात्रीपासून पोटात काही नाही. म्हातारी माणसं, गरोदर बायका. त्यांना "थांबा हं जरा" म्हणणं फार जड जातं. मी सहाला निघायचे आणि पावणेसातला शटर वर करायचे. चार वर्षं कधी चुकलं नाही. हातात सुई धरली की मला कुणी 'अमक्याची सून' म्हणत नाही, "ताई, तुमचा हात हलका आहे" म्हणतं. ते ऐकायला मी रोज पहाटेचं गार वारं खात जात होते, पगार हे निमित्त होतं म्हटलं तरी चालेल.

तर माघी पौर्णिमेच्या एका जत्रेत आमच्या गाड्याने नंबर काढला. पहिला नाही, पहिल्याला मोटरसायकल होती. आमचा कितवा आला ते मी सांगत नाही, घरात अजून त्यावर वाद आहेत. आमच्या वाट्याला आलं ते गावातल्या एका स्पेअरपार्टवाल्याने ठेवलेलं बक्षीस: रेसिंगच्या गाड्यांत घालायच्या इंजिन ऑइलचा अख्खा खोका. शर्यतीला शर्यतीचं तेल, असं काहीतरी त्या दानशूर माणसाच्या डोक्यात आलं असणार. नाहीतर दुकानात पडून राहिलं असेल, कोण जाणे. गुलालात माखलेला तो खोका वाजतगाजत घरी आला. सासूबाईंनी बैलांना ओवाळलं आणि मग, ताट हातात आहे तोवर, खोक्यालाही ओवाळलं.

आता या तेलाचं करायचं काय? कुठलंही शहाणं घर म्हणालं असतं, दुकानात परत देऊन टाका, त्याबदली बैलांची पेंड आणा. पण घाटात मिळालेलं बक्षीस विकायचं नसतं, अशी आमच्याकडे रीत आहे. विकलं की बैलाचं यश विकलं. त्यामुळे आमच्या घरात भिंतीभर घड्याळं आहेत, प्रत्येकात वेगळी वेळ. दोन कूलर आहेत, एकालाही पाणी भरायला जागा नाही. आणि नुसतं ठेवूनही चालत नाही, वापरावं लागतं, नाहीतर देणाऱ्याचा अपमान. आबा म्हणाले, "बक्षीस हाय, अंगाला लागलं पायजे." तेल बैलांना पाजता येत नव्हतं, हे माझं नशीब म्हणायचं की बैलांचं, ते देव जाणे.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी धुणं वाळत घालत होते तर हे माझ्या स्कूटरखाली आडवे. खाली घमेलं, घमेल्यात माझ्या गाडीतलं बरं-चांगलं तेल.

"अहो, काय करताय?"

"तुझ्या गाडीला खुराक देतोय." चेहऱ्यावर असा आनंद, जसा काही मला बांगड्याच करतायत.

मी डबा हातात घेऊन वाचला. बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं, फक्त स्पर्धेच्या वापरासाठी. मी म्हटलं, "हे बघा, हे रस्त्यावरच्या गाडीचं नाही. स्पष्ट लिहिलंय." हे कोपरावर उठून बसले, डबा घेतला, आणि आबांना हाक मारून सांगितलं, "आबा, बघा, फक्त स्पर्धेसाठी! साध्या मान्साला देतच न्हाईत!" आबांनी मान डोलावली. आता बोला. इशारा वाचावा तर तो यांना मानपत्र वाटला.

मग किती ओतायचं यावर झालं. मी सीटखालचं पुस्तक काढलं. त्यात एक लिटरच्याही आत माप दिलेलं. हे म्हणाले, "बुकात साध्या गाडीचं माप असतंय. पैलवानाला दोन भाकरीवर उठवतेस काय तू?" आणि डबा पालथा करून गळ्यापर्यंत भरलं. वरून खाली ओघळ आला तो बोटाने पुसून गाडीला टिळा लावला. मी परत म्हटलं, जास्त झालं, काढा. पालथ्या घड्यावर पाणी. "रेसिंगचं त्याल हाय," हे म्हणाले, "आता वरीसभर बघायचं काम न्हाई."

सोमवारी पहाटे सहाला बटण दाबलं. गाडी हूं की चूं करेना. माघातली थंडी, नदीकाठचा गाव, आणि आत ते काकवीसारखं दाट तेल. किक मारून मारून माझी पिंढरी भरून आली. हे घोंगडीतून म्हणाले, "रेसिंगची गाडी जरा तापाया येळ घेती." माझी गाडी रात्रीत रेसिंगची झाली होती आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी सुरू झाली तर मागून निळसर धूर. न्हावऱ्याच्या पुढे एका मोटरसायकलवाल्याने नाकाला रुमाल लावून मला ओलांडलं. मी सवासातला पोचले. पायरीवर पाचसहा माणसं. एका आजोबांचे हात थरथरत होते, त्यांनी खिशातून बिस्कीट काढून परत खिशात ठेवलेलं मी बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, सवय व्हायला चार दिवस लागतात, बैलाला सुद्धा नवीन खुराकाने आधी ढाळ लागतात. मी म्हटलं, बैलाला ढाळ लागले तर तुम्ही डॉक्टर बोलावता. "तेवडं काय झालं न्हाई अजून," हे म्हणाले, आणि मोबाईल घेऊन गोठ्यात गेले.

चार दिवसांचे चार आठवडे झाले. गाडी कधी धावायची, कधी रडायची. पेट्रोल प्यायला लागली. धूर कमी झाला तेव्हा मला वाटलं, चला, मार्गी लागली बाई. कुठलं मार्गी! जास्तीच्या तेलाने आतलं कुठलंसं सील फुटलं होतं आणि तेल थेंब थेंब बाहेर चाललं होतं. पार्किंगच्या जागेवर डाग दिसायचा. मी दाखवला तर म्हणाले, कुणाच्या ट्रॅक्टरचा असेल. मी म्हटलं, एकदा आत किती आहे ते तरी बघा. "रेसिंगचं कमी व्हत न्हाई." आमच्यात कुणी असं ठामपणे बोललं की ते खरं धरायची पद्धत आहे, फक्त बोलणारा पुरुष हवा.

शिमग्याच्या तोंडावर, शिरूरच्या अलीकडे, भर रस्त्यात गाडीने खर्रकन आवाज केला आणि मागचं चाक जागेवर धरलं. मी पडता पडता वाचले. पाठीमागे उसाची ट्रॉली होती, त्या ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि हिंदीत माझ्या सात पिढ्या काढल्या, आणि मग उतरून स्कूटर कडेला घ्यायला मदतही केली. इंजिन जाम. एका दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे बसून मी लॅबला पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. पायरी रिकामी. माणसं दुसरीकडे गेली होती.

लॅबच्या मॅडम कधी आवाज चढवत नाहीत, म्हणून त्यांची भीती वाटते. त्या म्हणाल्या, "तू चांगली आहेस गं, पण पेशंट माझ्यासाठी उपाशी थांबत नाहीत, वेळेसाठी थांबतात. एका मुलीचा फोन येतोय रोज. शिरूरमध्येच राहते." मी म्हटलं, मॅडम, गाडी नीट झाली की. त्या "बघू" म्हणाल्या. 'बघू'ची मला चांगली ओळख आहे, त्या एका शब्दावर माझी दहा वर्षं गेलीत.

स्कूटर गॅरेजला नेली. मेकॅनिक यांच्याच ओळखीचा, बैलगाड्याचाच शौकीन. त्याने इंजिन खोललं, आत तेलाचा थेंब नव्हता, सगळं काळं पडलेलं. मला वाटलं आता हा दोन शब्द सुनावेल. कशाचं काय! "रेसिंगचं घातलं व्हतं? आरं वा, कुठल्या घाटातलं?" मग दोघं चहा घेत त्या बारीचं बोलत बसले. गाडीची आतडी पोत्यावर पसरलेली, आणि मी तिच्याशेजारी सुतक असल्यासारखी उभी. साधा पिस्टन लगेच मिळत होता. पण यांनी सांगितलं, न्हाई, घालायचा तर पुण्याहून रेसिंगचाच मागवू. मेकॅनिक म्हणाला, येईल तेव्हा येईल. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते हे.

तोवर हे मला सोडायला लागले. त्यांची मोठी मोटरसायकल आहे, काळी, आरशासारखी चकचकीत. पहिले दोन दिवस मोठ्या हौसेने. "राणीसायेब, बसा." तिसऱ्या दिवशी कांदा काढणीच्या बायका यायच्या होत्या, म्हणून उशीर. मग एकदा बैलाचा पाय मुरगळला, म्हणून उशीर. एक दिवस नुसताच उशीर. आबा आपले पान जुळवत म्हणाले, "मी काय म्हंतो, कांदा हुईस्तोवर ऱ्हा की घरी. गाडी येईल तवा येईल. नोकरी काय पळून चाललीय?" आबांना खरंच वाटत होतं की नोकरी ही नदीसारखी असते, आपण जाऊ तेव्हा तिथेच असते. मी भाकरी थापत राहिले. त्या दिवशी भाकऱ्या सगळ्या फाटल्या.

मग शनिवारी मॅडमनी स्पष्टच सांगितलं. सोमवारी सातला शटर उघडं दिसलं नाही तर ती मुलगी मंगळवारपासून येईल. मी घरी येऊन जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, ताटावरून नजर न हलवता. म्हटलं, सोमवारी उशीर झाला तर माझी नोकरी गेली. हे म्हणाले, "आगं, साडेपाचला तयार व्हतो बघ मी. काळजीच करू नको."

सोमवारी मी साडेपाचला डबा भरून, ओढणी बांधून बाहेर आले. हे खरंच उठलेले होते. पडवीतल्या बल्बखाली मोटरसायकल स्टँडवर, खाली घमेलं, घमेल्यात तिचं जुनं तेल. यांच्या हातात मापाचं भांडं.

"झालं, झालं," हे म्हणाले. "दुपारी वढूच्या पलीकडं घाटाला जायाचंय, लांबचा पल्ला हाय. म्हनलं गाडीचं त्याल बदलून घ्यावं. तू च्या घे तवर."

मी घड्याळाकडे बघितलं. भिंतीवरच्या नाही, हातातल्या. मग यांच्याकडे बघितलं. हे डोळ्यांच्या पातळीवर भांडं धरून रेघ बघत होते. थोडं जास्त झालं वाटतं, तर चमच्याएवढं परत डब्यात ओतलं. डबा साधा होता, कंपनीने सांगितलेल्या तेलाचा. पडवीच्या कोपऱ्यात बक्षिसाचा खोका तसाच, अजून अर्धा भरलेला, वर गुलाल.

मी विचारलं, "अहो, खोक्यातलं का नाही घालत?"

यांनी मान वरही केली नाही. "येडी का काय? त्ये घालून इंजिन गेलं म्हंजी? माझी गाडी हाय ही."

एवढं सहज म्हणाले. मनात पाप असतं तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. चार वर्षं पहाटेचं उठणं, तो टेम्पो, ती रिकामी पायरी, सगळं एकदम वर आलं, आणि रडू फुटलं ते रागाचं.

"आणि माझी स्कूटर?"

आता यांनी वर बघितलं. खरोखर गोंधळून बघितलं. "ती व्हय?" म्हणाले. "ती आपली हाय की."

मी डोळे पुसले. खुंटीवरची मोटरसायकलची चावी काढली. "ओता," म्हटलं. "लवकर ओता आणि झाकण लावा."

"आगं, मी सोडतो ना."

"तुम्ही कांदे बघा."

"तुला गिअरची येती तरी का?"

वरवंडला कॉलेजच्या वयात वडिलांच्या मोटरसायकलवरून शेतातून चारा मीच आणायचे, मागे भारा बांधून, कच्च्या रस्त्याने. हे या घरात कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. तेव्हाही मी सांगत बसले नाही. यांनी तेल ओतलं, झाकण आवळलं, फडक्याने पुसलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मी त्या हाताच्या बाजूने जाऊन गाडीवर बसले. पाय जेमतेम टेकत होते. आबा तोंडात पान धरून दारात आले आणि पहिल्यांदाच चघळायचे थांबले. "क्लच हळू सोड, क्लच!" हे मागून पळत होते, आणि त्यांचा आवाज एवढा कळवळलेला मी आमच्या लग्नातही ऐकला नव्हता. मी क्लच हळूच सोडला.

पावणेसातला शटर वर केलं. त्या मुलीचं मग काय झालं ते मला माहीत नाही, मॅडमनी परत विषय काढला नाही.

पुण्याहून पिस्टन यायला शिमगा उलटून पाडवा झाला. स्कूटर नीट होऊन आली. ती आता हे चालवतात. आपलीच आहे की.